मध्ये झिजलेली फळी

सुतारकाम मला कोणी शिकवलेलं नाही, आणि ते मी केलेली कुठलीही वस्तू बघून कळतं. पहिलं स्टूल केलं तेव्हा त्याचे तीन पाय जमिनीला टेकायचे आणि चौथा हवेत. माझा नवरा हितेश त्याला 'डान्सर' म्हणायचा. मग मसाल्याच्या डब्यांसाठी मांडणी केली. ती भिंतीला लावली आणि सगळे डबे घरंगळत एका कोपऱ्यात गोळा झाले. "भाविका, रेडिमेड आणून देतो ना यार," हितेश म्हणायचा. मला रेडिमेड नको होतं. उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात मी हिशेब बघायचे. तो कारखाना बंद पडला आणि चाळिशी उलटल्यावर मी घरी सासूबाईंवर पहारा करत बसले. एकदा मोबाईलवर एक बाई रंधा मारताना दिसली. लाकडाची पातळ साल तिच्या मनगटाभोवती गोळा होत होती आणि तिच्या तोंडावर असं काही समाधान होतं की मला ते हवंसं वाटलं. जिद्द वगैरे काही नाही, सरळ सरळ हेवा.

पहारा हा शब्द मी उगाच वापरत नाही. मोतीबाई, माझ्या सासूबाई, दिवसभर शहाण्यासारख्या असायच्या. तांदूळ निवडायच्या, टीव्हीतल्या सुनांना शिव्या घालायच्या, माझ्या कालवणाला नावं ठेवायच्या. दिवेलागण झाली की मात्र पिशवी काखेत मारून दाराबाहेर पडायच्या. "घरी जातंय गो. उशीर झाला." घरी म्हणजे बारवी धरणाकडच्या पाड्यावर. धरणाची उंची वाढली तेव्हा तो पाडा उठला, घरं मोडली, लाकूडसामान विकलं गेलं आणि उरलेली दगडी जोती पाण्याखाली गेली. हे त्यांना रोज सांगायचं आणि त्यांनी रोज नव्याने ऐकून मटकन खाली बसायचं, हे मला बघवत नव्हतं. एकदा त्या चामटोलीच्या रस्त्याला सापडल्या, अनवाणी, डंपरच्या कडेकडेने चालताना. त्या दिवशी मी त्यांच्यावर खूप ओरडले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. कुलूप लावलं तर त्या आतून दारावर थापा मारायच्या. आणि मला त्यांना कोंडून ठेवायचं नव्हतंच. माझी आई मी लहान असतानाच गेली. या घरात आले तेव्हापासून मी उशिरा आले तर जागं राहणारं, ताप आला तर कपाळाला हात लावणारं माणूस म्हणजे मोतीबाई. तोंडाने फटकळ, पण माझी. त्या एक दिवस परत येणार नाहीत, ही भीती मला कायम असायची.

म्हणून बाकडं करायचं ठरवलं. शिरगावात आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. दाराशी बसायला जागा असली, येणारेजाणारे दिसले, तर संध्याकाळच्या वेळी त्या तिथेच रमतील असा माझा हिशेब होता.

लाकूड आणायला उल्हासनगरला गेले. जुन्या लाकडाच्या एका वखारीत चौकटी, खिडक्या, पलंगाचे पाय यांचा ढीग लागला होता. त्यातून शेठने एक जाड, काळपट फळी ओढून काढली. "दीदी, पुराना सागवान है, डॅम साइड का माल. लोहा है लोहा." फळी मधोमध छान खोलगट झिजलेली होती. दोन्ही टोकांना चौकोनी खाचा होत्या. मला काय आनंद झाला! बसायला आयती जागा, आणि खाचाही आयत्या. मला वाटलं, एखाद्या जुन्या बाकाचीच असणार. कोणाही सुताराने ती लांबून ओळखली असती. मी सुतार नव्हते.

बाल्कनीत बसून मी ती घासायला घेतली. वरचा काळा थर गेल्यावर पिवळा भुसा निघायला लागला, चांगला गडद पिवळा, आणि बोटांना हळदीचा वास. मध्येमध्ये लालसर डाग. सागाचा रंग असाच असेल असं मी स्वतःला सांगितलं. काठावर एक तिरपी खोक होती, कोयत्याचा घाव असावा तशी. ती मी शोभेची म्हणून ठेवली. पाय बसवले, गोंद लावला, दोन दिवस दाबून ठेवलं. मग हितेश अंबरनाथहून कंपनीतून आला, मोठ्या थाटात बाकावर बसला आणि बाकासकट खाली गेला. चारही पाय चार दिशांना. तो जमिनीवर बसून हसत होता आणि मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

रागाच्या भरात मी ती फळी दारातच टाकून दिली होती, आडवी. त्या संध्याकाळी मोतीबाई पिशवी घेऊन निघाल्या. मी स्वयंपाकघरातून धावत आले आणि थबकले. त्या फळीच्या अलीकडे उभ्या होत्या. वाकून त्यांनी फळीला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि पिशवी खाली ठेवली.

"आयलं क घर," त्या म्हणाल्या. एवढंच. मग आत येऊन त्यांनी मला चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दारापर्यंत यायच्या, फळी बघायच्या आणि शांत व्हायच्या. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. मी ती फळी दारात नीट बसवली, दोन्हीकडे लाकडी ठोकळे ठोकून. सांधा ढिला होता, पाय पडला की फळी खुळखुळायची, पण मला त्याचं काही नव्हतं. बिल्डिंगमधल्या बायकांना मी मिरवून सांगितलं की डॉक्टरांना जमलं नाही ते माझ्या सुतारकामाने केलं.

हितेशचं लक्ष रविवारी गेलं. बूट घालायला तो खाली बसला आणि त्याचं बोट त्या खोकेवर गेलं. ते त्याने पुन्हा पुन्हा तिच्यावरून फिरवलं.

"हा आमचा उंबरठा आहे," तो म्हणाला. "हे मी केलं होतं. कोयता घेऊन खेळत होतो. आईने बदडलं होतं मला." मग उठला. "टाकून दे, भाविका. सीरियसली. मला नको ही चीज घरात."

"का? तुमचाच आहे ना?"

"तो घराचा होता. ते घर नाहीये आता."

मी ऐकलं नाही. कसं ऐकणार? किती तरी महिन्यांनी मी संध्याकाळी भाजी निवडत निवांत बसले होते. लाकूड ते लाकूड, योगायोग तो योगायोग. तुला तुझ्या आईपेक्षा फळीची भीती जास्त वाटते का, असंही मी त्याला सुनावलं. त्याने फळी काढली नाही. पण त्यानंतर तो फळीवर पाय न देता, लांब ढांग टाकून आत यायचा.

मग मोतीबाई दारात बोलायला लागल्या.

आधी मला वाटलं, शेजारचं कोणी असेल. संध्याकाळी त्या उंबरठ्याच्या आत उभ्या राहायच्या, एक हात चौकटीवर, आणि बाहेरच्या रिकाम्या पॅसेजकडे बघून बोलायच्या. "नाय, आज नको. सून कामात हाय." "बरा हाय पोर." "आत नाय बोलावत. राग नका मानू." आवाज अदबीचा असायचा, मोठ्या माणसांशी बोलावा तसा. मध्ये थांबायच्या, ऐकायच्या, मान हलवायच्या. मी विचारलं, कोण आहे, आई? त्या म्हणाल्या, "आपल्या घरची मानसं. दार शोधत आयली. दार हितं आनून लावलंस, तर ती कुठं जातील?"

मी हसले. खरंच हसले. या आजारात असं होतं, हे मी वाचलं होतं.

पण त्याच दिवसांत फळी खुळखुळायची थांबली. भर मे महिना, लाकूड सुकून आक्रसायचे दिवस. माझ्या स्टुलाचे सांधे तर आणखी सैल झाले होते. उंबरठा मात्र फुगून ठोकळ्यांत घट्ट बसला होता. खालून हात घातला तर ओला. नळ गळतो का बघितलं, लादी बघितली. कुठेच काही नव्हतं. हाताला वास आला तो चिखलाचा, तळं आटल्यावर येतो तसा. मी हात साबणाने धुतले आणि कोणाला काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी माझं डोकं फिरलेलं होतं. भात खाली लागला होता, रंध्याच्या पात्याने अंगठा कापला होता, आणि मोतीबाई केव्हाच्या दारात उभ्या. त्यांचे पाय सुजलेले दिसत होते. "नाय, नाय सांगते ना," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि आवाज थकला होता. मी पदराला हात पुसत बाहेर आले. कुरिअरवाल्याला, वर्गणीवाल्यांना, दारात ताटकळणाऱ्या कोणालाही आपण जे म्हणतो, तेच माझ्या तोंडून गेलं.

"अहो, कोण आहे? उभे का? या ना आत. बसा, चहा टाकते."

मोतीबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. असं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, रागाने नाही, कीव आल्यासारखं. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, वाट देण्यासाठी. त्यांची नजर दारातून आत, दारातून आत, एकामागून एक फिरत राहिली. खूप वेळ फिरत राहिली. शेवटी खाली, गुडघ्याच्या उंचीवर आली, लहान मुलाकडे बघावी तशी. मग त्यांनी दार लावलं.

"झाले सगले," त्या म्हणाल्या. "टाक आता च्या."

त्या दिवसापासून घर भरलं. मी काही बघितलं नाही, हे आधीच सांगते. पण स्वयंपाकघरात जाताना मी अंग चोरून जायला लागले. पॅसेजमध्ये मध्येच थांबायचे, कोणाला तरी आधी जाऊ द्यावं तशी, आणि मग लक्षात यायचं की समोर कोणी नाही. हितेशलाही मी तेच करताना बघितलं. हातात ताट घेऊन तो हॉलमध्ये तिरका होऊन चालत होता. कपाटातले कपडे दमट झाले. सोफ्यावर कोणी बसेना, आम्ही तिघं खाली जमिनीवर जेवायला लागलो, आणि का, हे एकमेकांना विचारलं नाही. मला भीती वाटत होती. मी तोंडाने कितीही धीट असले, तरी दुपारी घरात बसताना मला माझ्याच घरात संकोच वाटत होता.

मोतीबाई मात्र एका सकाळी आवरून बसल्या. नवी साडी, हातात पिशवी. संध्याकाळ नव्हती, सकाळ होती. "मी चाललंय," त्या म्हणाल्या. "बोलावलेल्या मानसाला जा म्हनत नाय. पोचवून यायला लागतं."

"कुठे?"

"त्यांच्या घरी. दुसरं कुठं?"

मी दारात आडवी उभी राहिले. त्या मला बाजूला सारायला लागल्या, आणि त्यांच्या हातात एवढा जोर कुठून आला ते कळेना. मला चामटोलीचा रस्ता आठवला, डंपर आठवले. मी म्हटलं, थांबा, मी पण येते. उंबरठा पण घेते. एकदा पोचवू आणि दोघी परत येऊ. त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "घे. दार नसलं तर ती आत कशी जातील?"

ठोकळे फोडून काढावे लागले, इतका तो घट्ट बसला होता. टेम्पोवाल्याला फोन केला. हितेश कामावर होता, त्याला सांगितलं नाही. मोतीबाईंनी टेम्पोत पुढे बसायला नकार दिला. मागे फळीशेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, "सर जरा. जागा कर."

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली जातं आणि पाडा वर येतो, हे मला ऐकून माहीत होतं. बघितलं तेव्हा जीव घाबरा झाला. तडकलेला काळा चिखल आणि त्यातून दगडी जोत्यांचे चौकोन. डोक्यावर लख्ख ऊन, माणूस कोणी नाही. टेम्पोवाला वर झाडाखाली झोपला. मोतीबाई एकदाही न अडखळता चालत गेल्या. घरी साधी चप्पल शोधायला ज्यांना मदत लागायची, त्या सरळ एका जोत्यापाशी जाऊन थांबल्या. दोन उभ्या दगडांमध्ये दाराएवढी मोकळी जागा होती. आत पुढच्या खोलीचा चिखल सुकलेला, आणि मागच्या खोल्या अजून पाण्यात होत्या.

मी घामाघूम होऊन फळी दगडांमध्ये टेकवली. ठोकावी लागली नाही, काटकोन बघायला गुण्या लावावा लागला नाही. ती आपोआप खाली गेली आणि बसली.

"चला," मोतीबाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "या, या. संभालून." त्या बाजूला उभ्या राहिल्या, नजर पुन्हा तशीच एकामागून एक फिरली, यावेळी बाहेरून आत. मी हात जोडले. मला एवढंच वाटत होतं की आता हे संपेल, मी यांचा हात धरेन आणि आम्ही घरी जाऊन पंख्याखाली पडू. नजर फिरायची थांबली. मी हात पुढे केला. आणि मोतीबाई उजवा पाय उचलून, उंबरठा ओलांडून आत गेल्या.

आत गेल्यावर त्या ताठ झाल्या. पाठीचा बाक गेला. पदर खोचला, इकडेतिकडे बघितलं, आणि मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"कोन गो तू? कुनाकडं आयलीस?"

"आई, मी भाविका."

"कुठली?"

"तुमची सून. हितेशची बायको."

त्या हसल्या, लहान पोराच्या बोलण्याला हसावं तशा. "हितेश अजून शालंत जातंय. कुनी सांगितलं तुला?"  इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो, आणि त्यांच्या डोळ्यांत माझी ओळख नावालाही नव्हती. ते डोळे मात्र स्वच्छ होते, आजारी माणसाचे नव्हतेच. "उनातून आयलीस," त्या म्हणाल्या. "तोंड बग कसं सुकलंय. थांब, पानी आनते तुला."

आणि त्या स्वयंपाकघराकडे वळल्या.

स्वयंपाकघर पाण्यात होतं. मला हे कळेपर्यंत त्या घोट्यापर्यंत गेल्या होत्या. "आई!" मी ओरडले. "पाणी नको मला!" त्यांनी ऐकलं नाही. पाहुण्याला पाणी द्यायचंच, त्यात ऐकायचं काय? गुडघ्यापर्यंत गेल्या. कंबरेपर्यंत. आणि मी त्या फळीच्या बाहेर उभी होते आणि माझा पाय उचलत नव्हता. लाज वाटत होती, खरं सांगते, भीती नाही, लाज. आतमध्ये माणसं आहेत, ती माझ्याकडे बघताहेत, आणि मला कोणी आत ये म्हटलेलं नाही. दुसऱ्याच्या घरात असं शिरायचं नसतं, हे हाडात बसलेलं असतं.

मग पाण्यावर फक्त त्यांचा अंबाडा दिसायला लागला. मी डोळे मिटले आणि आत गेले.

खोलीच्या मधून जाताना दोन्ही बाजूंनी ओलं काहीतरी माझ्या दंडांना लागलं. मी बघितलं नाही. पाण्यात शिरले, हाताला पदर लागला, खेचला. केस, मग खांदा. मी त्यांना ओढत, फरपटत बाहेर आणलं, उंबरठ्यावरून पलीकडे, चिखलात. त्या खोकत होत्या, पाणी ओकत होत्या. माझ्या मांडीवर त्यांचं डोकं होतं आणि मी त्यांचे पाय चोळत होते, रडत होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी माझा हात झटकला.

"बोलावल्याबिगर आत आयलीस," त्या म्हणाल्या.

फळी मी तिथेच ठेवली. पुढे पाणी चढलं. आता ती खाली असेल.

मोतीबाई घरी आहेत. तब्येत ठणठणीत. संध्याकाळी पिशवी घेत नाहीत, घरी जायचं म्हणत नाहीत. हितेशला ओळखतात, शेजाऱ्यांना ओळखतात, टीव्हीतल्या सुनांनाही ओळखतात. मला नाही. मी वाढलेलं जेवतात, पण परक्या बाईकडून घ्यावं तसं, संकोचून. घर पुन्हा मोकळं झालं आहे. कपडे कोरडे असतात. मी रंधा, करवत, सगळं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं.

काल दिवेलागणीला मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. हितेश समोर बसला होता. त्या त्याच्याकडे वाकून, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "हितेश, या बाईला न्यायला कोनी येत नाय क रे?"

 माझे हात त्यांच्या केसांतच थांबले. तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्यांना माझी दया आली असावी. खूप दिवसांनी त्यांनी आपणहून माझ्या गालाला हात लावला.

"रडू नको गो," त्या म्हणाल्या. "येतील. घर म्हाईत हाय त्यांना."